काखेत मांजर, गावाला वळसा

दिवाळीतला पहिला सुतळी बॉम्ब फुटतो आणि गॅलरीच्या उघड्या दारातून घरातलं मांजर पसार होतं. मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरतात, पोरं चौकापर्यंत धावतात, कुणी स्कूटर काढून थेट मंडईपर्यंत चक्कर टाकून येतं. मांजर मात्र बहुतेक वेळा त्याच इमारतीच्या जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे अंग चोरून बसलेलं असतं.

हा नुसता अंदाज नाही. हरवलेल्या १,२१० मांजरांची पाहणी २०१८ साली ‘ॲनिमल्स’ या शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश, जिथून निसटली तिथून ५०० मीटरच्या आतच होती. एक तृतीयांश मांजरं आठवड्याभरात जिवंत परत आली. आणि पोस्टरं लावणं चांगलंच, पण स्वतः वाकून-वाकून शोधणाऱ्यांना मांजर जिवंत मिळण्याची शक्यता अधिक होती.

मग हाका मारल्यावर ते ओ का देत नाही? मांजर शिकारी आहे तसंच मोठ्या जनावरांचं भक्ष्यही आहे. अनोळखी जागी घाबरलं की आवाज करणं म्हणजे आपला ठावठिकाणा सांगणं, हे त्याच्या रक्तातच आहे. जपानमध्ये आत्सुको साइतो यांनी मांजरांना परक्यांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले. मालकाचा आवाज आला तेव्हा कान वळले, मान हलली. मांजरानं ओळखलं होतं! पण ओ देणं, उठून जाणं, फारसं कुणी केलं नाही. तेही स्वतःच्या घरात, निवांत असताना. तेव्हा ‘एवढं ओरडलो, इथे नसणारच’ हा निष्कर्ष साफ चुकीचा.

त्यापेक्षा रात्री गर्दी ओसरल्यावर टॉर्च घेऊन निघा. टॉर्च कमरेशी नको, डोळ्यांजवळ धरा. मांजराच्या डोळ्यातल्या पडद्यामागे ‘टेपेटम लुसिडम’ नावाचा चकाकता थर असतो. तो आलेला प्रकाश आल्या वाटेनं परत धाडतो. म्हणून उजेड आपल्या डोळ्यांपाशी असला, तरच पार्किंगमधल्या गाडीखाली ते दोन हिरवट ठिपके लखकन दिसतात. आपल्या डोळ्यात हा थरच नाही. अंधाराचं हे देणं मांजराला मिळालं आणि आपण टॉर्चचे सेल शोधत बसलो.

सगळीच मांजरं जवळ असतात असं नाही. होली नावाची मांजर नोव्हेंबर २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचला हरवली आणि वर्षाच्या अखेरीस सुमारे ३०० किलोमीटरवर, आपल्याच गावात, वेस्ट पाम बीचला सापडली. पंजे झिजलेले, अंगाची काडी झालेली. वाट तिला कशी उमगली याचं खात्रीचं उत्तर आजही नाही. पण ती कुणाची, हे कळलं मायक्रोचिपमुळे.

तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कातडीखाली असते. पुष्कळांना वाटतं तिच्यामुळे मोबाइलवर मांजर दिसेल. छे! चिपला बॅटरीच नसते. डॉक्टरांनी स्कॅनर जवळ नेला की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते, पंधरा आकडी क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प. त्या क्रमांकापुढे नोंदवलेला फोन नंबर जुना असेल, तर सगळं मुसळ केरात.

परकं मांजर आपल्या दारात आलं, तर आधी ते खरंच हरवलंय का ते बघा. कानाचं टोक सरळ कापलेलं असेल, तर ते नसबंदी करून सोडलेलं वस्तीचं मांजर असण्याचा संभव मोठा. वॉचमनला विचारा, मासेवाल्या मावशींना विचारा. गल्लीतल्या मांजरांची खानेसुमारी त्यांना तोंडपाठ असते. दूध देऊ नका, मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही. पाणी आणि उकडलेलं बिनमिठाचं चिकन पुरे. मग दवाखान्यात नेऊन चिप तपासून घ्या.

फोटो टाकताना एखादी खूण मुद्दाम झाकून ठेवा आणि हक्क सांगणाऱ्याला ती विचारा. मांजर काळं-पांढरं-केशरी असं तीनरंगी असेल, तर निसर्गानंच एक प्रश्न तयार करून दिलाय. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. केशरी आणि काळा दोन्ही एकाच अंगावर यायला सहसा दोन एक्स लागतात. म्हणजे ती जवळजवळ नेहमीच भाटी. फोनवर कुणी ‘हा आमचा बोका’ म्हणालं, तर लगेच पत्ता देऊ नका.