दहाला एक

ज्या दुकानातून मी वर्षानुवर्षं इपॉक्सीचे डबे आणले, तिथे गेल्या महिन्यात सावकाश वाळणारा हार्डनर मागितला. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, तो आता ठेवत नाही. वरमाळेचं रेझिन देऊ?" लग्नातले हार पारदर्शक ठोकळ्यात गोठवायचे, कपाखाली ठेवायच्या चकत्या करायच्या, किल्लीला अडकवायची अक्षरं ओतायची. नवी मुंबईतल्या आमच्या बोनकोड्यात आता घरोघरी रेझिन आलंय, आणि पाण्यावर तरंगेल असं त्यातून काहीही होत नाही. मला हे फार लागलं.

रेझिनच्या बाबतीत नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. कोकणात लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या येऊ लागल्या, त्या बहुतेक पॉलिएस्टरच्या. वास डोक्यात जायचा, पण स्वस्त. इपॉक्सी म्हणजे अराल्डाइटच्या दोन ट्यूबा, एवढीच घरातली ओळख.

खरं दशक २००५नंतरचं. त्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातला क्लार्क फोम हा कारखाना अचानक बंद पडला. अमेरिकेतल्या बहुतेक सर्फबोर्डांच्या पोटातला फोम तिथून यायचा. तो मिळेना, तसे कारागीर थर्माकोलकडे वळले. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, इपॉक्सी विरघळवत नाही. हे वाचून मी गावठाणातल्या आमच्या गच्चीवर सर्फिंगची फळी करायला घेतली. खाडीला लाट नाही हे ठाऊक होतं. फळी दिवेआगरला न्यायची होती. एमआयडीसीतल्या एका व्यापाऱ्याने तरीही पॉलिएस्टरच गळ्यात मारायचा प्रयत्न केला, "सगळे हेच नेतात" म्हणून. त्याच्यासमोर थर्माकोलच्या तुकड्यावर थेंब टाकून भोक पाडून दाखवलं. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने तेच विकलं.

माझ्या हार्डनरचं प्रमाण दहाला एक, तेही वजनाने. हार्डनर जास्त ओतला म्हणून लवकर वाळत नाही. जास्तीचा तसाच राहतो आणि फळी मऊ पडते. कालवलेलं मगात ठेवलं की आपल्याच उष्णतेने तापतं, धुरायला लागतं, म्हणून लगेच पसरट ट्रेमध्ये काढायचं. काम ऊन उतरताना सुरू करायचं. थर्माकोलमधली हवा तेव्हा आकसत असते; सकाळी तीच फुगते आणि कापडाखाली बुडबुडे धरते. पांढरं काचेचं कापड रेझिन पिऊन बघता बघता दिसेनासं होतं, खालची पेन्सिलची रेघ स्वच्छ वर येते, आणि प्लास्टिकची पट्टी मधून कडेकडे ओढत राहावं लागतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत वर मेणचट थर येतो. तो पाण्याने आणि घासणीने धुऊन पॉलिश पेपर मारल्याशिवाय पुढचा हात द्यायचा नाही.

त्याच वर्षांत गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली जात होती. मूळ कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींची. छप्पन्न फुटी बोट, सीडरच्या पट्ट्या इपॉक्सीने जोडून वर काचेचं कापड. म्हणजे आमच्या गच्चीवरचंच काम, महासागराच्या मापाचं. ती २००९मध्ये नौदलात आली. ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे निघाले आणि पुढच्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. २०१३मध्ये अभिलाष टॉमींनी त्याच बोटीतून कुठेही न थांबता फेरी पुरी केली. त्यांचा सत्कार झाला, व्हायलाच हवा होता. पण ज्यांनी पट्टीला पट्टी बसवली, सांधे भरले, महिनोन्महिने घासकाम केलं, त्या सुतारांवर एखादा लेख मी तेव्हा शोधत राहिलो. मला सापडला नाही. आपल्याकडे शीड उभारणारा दिसतो, सांधा भरणारा दिसत नाही, हा राग माझा आजही गेलेला नाही.

नंतरची वर्षं छंदवर्गांची. हार्डनरची अ‍ॅलर्जी एकदा अंगात बसली की सहसा जन्मभर सोडत नाही. आणि इथे 'एकदम सेफ' म्हणून मुलांच्या उघड्या हातांवर रेझिन सांडू देतात. हातमोजे कुणी विचारत नाही, दुकानदार देत नाही.

हातकाम संपलंय असं मात्र कुणी मला सांगू नये. दांडेकरांच्याच 'होडी इनोव्हेशन्स'ने काथ्याने फळ्या शिवून 'कौंडिण्य' हे जहाज बांधलं आणि २०२५मध्ये ते नौदलात आलं. इतके कारखाने उशाशी असलेल्या आमच्या नोडमध्ये संथ हार्डनरचा एक डबा मिळू नये?