मावळतीचं जेवण, बैलगाडीची फेरी

डिसेंबर उजाडला की मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, ‘यंदा हुरड्याला कुठे जायचं?’ पूर्वी याचं उत्तर ठरलेलं असायचं. मामाच्या नाहीतर आत्याच्या शेतावर. आता अनेकांचं गाव सुटलंय, कुणाची शेती विकली गेलीय, कुणी इंदूर, हैदराबाद, बंगळुरूला स्थायिक झालंय. मामाच्या शेताची जागा आता कृषी पर्यटन केंद्रांनी घेतली आहे.

बेत साधारण सगळीकडे सारखाच असतो. दुपारी तीन-चारच्या सुमारास पोहोचायचं, चहा घ्यायचा, बैलगाडीतून शिवारात फेरी मारायची, बांधावर बसून सूर्य मावळताना पाहायचा आणि अंधार पडला की शेकोटीच्या उबेला चुलीवरचं गरम जेवण. आजी-आजोबांना जुने दिवस आठवतात, मुलांना मोबाइलपेक्षा मोठं काहीतरी सापडतं.

जाण्याआधी आपण जेवणाबद्दल भरपूर चौकशी करतो. व्हेज की नॉनव्हेज, अनलिमिटेड आहे का, लहान मुलांचे किती? गाडी ओढणाऱ्या बैलांबद्दल मात्र सहसा कुणी काही विचारत नाही. खरं तर ही संध्याकाळ त्यांच्याच खांद्यावर उभी असते. म्हणूनच या वेळी ताटाबरोबर जोडीचीही ओळख करून घेऊ.

शेतावरचा पाहुणा

महाराष्ट्रात कृषी पर्यटनाला संघटित रूप मिळालं ते २००५ च्या सुमारास. पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटन विकास संस्था उभी केली आणि बारामतीजवळच्या पळशीवाडीत पहिला प्रयोग झाला. कल्पना सोपी होती. शेतकऱ्याने शेती सोडायची नाही, उलट शेतीच पाहुण्याला दाखवायची, खाऊ घालायची आणि त्यातून चार पैसे जोडायचे. पुढे २०२० मध्ये राज्य सरकारने स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण आणलं. आता केंद्रांना पर्यटन विभागाकडे नोंदणी करून प्रमाणपत्र घेता येतं. बुकिंगच्या वेळी त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

गाडीत बसण्याआधी

बैलगाडी दिसायला साधी, पण तिच्यात मोठं गणित आहे. बैलांच्या खांद्यावर आडवं लाकूड असतं ते जू. बैलाची मान जागेवर राहावी म्हणून जुवात उभ्या खुंट्या घालतात, त्या शिवळा. लाकडी चाकाच्या मधोमध तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे आणि चाकावर बसवलेली लोखंडी धाव. गाडीवानाच्या हातातली दोरी म्हणजे कासरा. मुलांना हे शब्द गाडीजवळ उभं करून, बोट ठेवून दाखवा. एकदा हात लागला की शब्द विसरत नाहीत.

गाडीचे प्रकारही अनेक. माल वाहायची ती मोठी गाडी, हलकी आणि वेगवान तो छकडा, बायका-मुलांना जत्रेला नेणारी दमणी, विदर्भातली रेंगी. आज बऱ्याच ठिकाणी लाकडी चाकांऐवजी रबरी टायर दिसतात. फोटोत ते तेवढे शोभत नाहीत, पण बैलांचं काम हलकं करतात. ‘ओरिजनल चाकं का नाहीत?’ अशी तक्रार करण्याआधी हे लक्षात घ्या.

आता बसण्याची पद्धत. गाडी दोनच चाकांवर तोललेली असते. सगळे मागे बसले तर पुढचा भाग वर उचलला जातो, याला गाडी ‘उलाळ’ होणं म्हणतात. सगळे पुढे सरकले तर तोच भार जुवातून बैलांच्या मानेवर येतो. म्हणून वजनदार मंडळींनी चाकांच्या वर, म्हणजे मधोमध बसावं आणि मुलांना आत घ्यावं. पाय बाहेर सोडून चाकाजवळ बसू नये. गाडीवान सांगेल तिथे बसा, तोल त्याला कळतो.

ही जोडी कुठली?

महाराष्ट्रात फिरताना बैल पाहून मुलूख ओळखता येतो. पांढरा, चपळ, लांब शिंगांचा खिल्लार सोलापूर, सांगली, साताऱ्याकडचा. अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात भातखाचरात टिकून राहतो तो डांगी. लातूर-उदगीरकडची काळ्या-पांढऱ्या रंगाची देवणी, नांदेडची लाल कंधारी आणि वर्ध्याकडची गवळाऊ या आणखी काही जाती. पुढच्या वेळी गाडीवानाला जोडीची नावं विचारा, मग जात विचारा. तो जे सांगत सुटेल ते कुठल्याही गाइडकडे मिळणार नाही.

पण असे सांगणारे गाडीवान आणि त्यांच्या जोड्या, दोन्ही कमी होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात गायवर्गातली नर जनावरं सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. म्हणजे सात वर्षांत जवळपास ३० टक्क्यांची घट. कारण उघड आहे. नांगरट ट्रॅक्टर करतो, माल टेम्पो नेतो. बैलाला पेरणी, कोळपणी अशी मोजक्या दिवसांची कामं उरली, पण वैरण वर्षाचे ३६५ दिवस लागते. छोट्या शेतकऱ्याला हा हिशेब जमत नाही आणि एक दिवस दावणीचे बैल बाजाराची वाट धरतात.

इथे पर्यटकांच्या फेरीला अर्थ येतो. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी संध्याकाळी दोन-तीन फेऱ्यांचे पैसे मिळाले तर वैरणीला हातभार लागतो आणि जोडी गोठ्यात राहते. पण हीच फेरी गैरपद्धतीने झाली तर बैलांचे हाल होतात. फरक कशाने पडतो? बऱ्याच अंशी आपल्या वागण्याने.

चार माणसं, पाचवा गाडीवान

ओढकाम करणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी आपल्या देशात १९६५ पासून नियम आहेत. जनावरं ओढत असलेल्या गाडीत गाडीवान आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारपेक्षा जास्त माणसं बसवू नयेत, असं हे नियम सांगतात. जनावराकडून दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये. तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात कामाला लावू नये. अणकुचीदार काठी किंवा टोचणारा साज वापरायलाही मनाई आहे.

आता आपल्याला दिसणारं चित्र आठवा. बारा जणांचा ग्रुप एकाच गाडीत, वर सेल्फी स्टिक, ब्लूटूथ स्पीकरवर गाणी आणि ‘काका, जरा पळवा ना!’ चा गलका. गाडीवान नाही म्हणत नाही, कारण पाहुणा नाराज व्हायला नको असतो. तेव्हा ‘आम्ही दोन फेऱ्यांत जातो’ हे आपणच म्हणायला हवं.

आणखी एक गोष्ट पाहायची ती म्हणजे बैलाचा खांदा. जू घासून सूज किंवा जखम झाली की शेतकरी म्हणतात, ‘बैलाचा खांदा आलाय.’ अशा बैलाला जुंपायचं नसतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि तुपा-तेलाने मळायची रीत आहे, खांदेमळणी म्हणतात तिला. पोळ्याच्या दिवशी तर त्या खांद्यावर जू ठेवतच नाहीत. ही काळजी आपल्या परंपरेतच आहे, पाहुण्यांसाठी वेगळी शोधून आणायला नको. खांदा सुजलेला, जखम उघडी किंवा बैल लंगडताना दिसला तर फेरी शांतपणे नाकारा. पैसे दिले आहेत म्हणून बसू नका.

सूर्य कुणासाठी थांबत नाही

हिवाळ्यात दिवस लहान असतो. डिसेंबरअखेर नागपूरकडे सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, तर अलिबागच्या किनाऱ्यावर सहा वाजून गेल्यावर. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार दाटतो. ‘पाचला निघू, साडेपाचला पोहोचू’ असा हिशेब केलात तर सूर्यास्त हायवेवरच्या टोलनाक्यावर पाहावा लागेल.

गाडीची फेरी सूर्यास्ताच्या तासभर आधी सुरू व्हावी आणि उजेड असतानाच संपावी. पूर्वी रात्री जाणाऱ्या गाडीच्या खाली कंदील टांगलेला असायचा. आजच्या वेगवान रस्त्यांवर तेवढ्याने भागत नाही. फेरी डांबरी रस्त्यावरून असेल तर सरळ सांगा, पाणंदीने न्या. दोन शेतांमधली ही कच्ची वाट बैलांच्या खुरांनाही बरी आणि पाहणाऱ्यालाही. बाजूला ज्वारीची ताटं, हरभऱ्याचा वास, विहिरीवरचा पंप आणि परतणाऱ्या बगळ्यांची रांग, हे सगळं तिथेच भेटतं.

ताटात काय?

शेतावरचं जेवण त्या त्या मुलखाचं असावं. सगळीकडे पनीर मागितलं तर घरी काय वाईट होतं?

सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाड्यात जाल तर हुरडा. रब्बी ज्वारीचं कणीस दाणा भरल्यावर पण वाळण्याआधी खुडायचं, जमिनीतल्या खड्ड्यात म्हणजे आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचं आणि गरम असतानाच हातावर चोळायचं. हिरवे, गोडसर दाणे तळव्यावर उतरतात. हुरड्याची ज्वारी भाकरीच्या ज्वारीपेक्षा वेगळी असते. तिचा दाणा गोड, मऊ आणि भुशीतून सहज सुटणारा. गूळभेंडी, सुरती ही जुनी नावं, तर फुले मधुर आणि परभणी वसंत हे कृषी विद्यापीठांनी दिलेले वाण. सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, गूळ, दही, बोरं. हुरड्यावर लगेच पाणी नको, ताक प्या, हा सल्ला तिथली आजी देईलच. हा हंगाम साधारण डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा, त्यामुळे बुकिंगआधी ‘कणीस भरलंय का?’ हे जरूर विचारा.

खानदेशात, जळगाव-भुसावळकडे गेलात तर भरीत. तिथली मोठी हिरवी वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. मग ती ठेचून त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालतात. बरोबर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, नाहीतर गरम पुरी. भुसावळ हे मोठं रेल्वे जंक्शन असल्याने गुजरात, मध्य प्रदेश किंवा दिल्लीकडून येणाऱ्या कुटुंबांनाही हा बेत सोयीचा.

रायगडात पोपटी. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, आवडीप्रमाणे बटाटे, अंडी किंवा चिकन. पाण्याचा थेंबही नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडकं उघडलं की आधी वास सगळ्यांना जवळ बोलावतो, मग शेंगा. पोपटी मुळात संध्याकाळनंतर रंगणारीच, त्यामुळे सूर्यास्ताच्या बेताला अगदी जुळते.

फोनवर एवढं विचारा

• फेरीचे पैसे जेवणात धरले आहेत की वेगळे? गाडी शेजारच्या शेतकऱ्याची असेल तर त्याला त्यातून किती मिळतात?
• एका वेळी गाडीत किती जण बसवता? दिवसात किती फेऱ्या होतात?
• फेरी कच्च्या वाटेने आहे की रस्त्याने? किती वेळाची?
• गुडघे दुखणाऱ्यांना गाडीत चढायला स्टूल किंवा पायरी आहे का?
• जेवणातलं काय शेतावरचं, काय बाजारातलं?

सोबत स्वेटर किंवा शाल, टॉर्च आणि बंद बूट असू द्या. शेतात ऊन उतरलं की गारठा झपाट्याने वाढतो आणि अंधारात बांधावर पाय जपूनच टाकावा. मुलांना बैलाच्या मागून जाऊ देऊ नका, त्याला थेट मागचं दिसत नाही आणि तो दचकतो. समोरून, थोडं बाजूने, मालक सोबत असताना जाऊ द्या. तोंडासमोर फ्लॅश मारू नका. उरलेलं अन्न ‘बैलाला घालू’ म्हणून परस्पर चारू नका, आधी विचारा. प्लास्टिकच्या पिशव्या तर अजिबात मागे सोडू नका, जनावराच्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं.

फेरी संपल्यावर गाडीवान जू उतरवून ठेवतो, बैलांना पाणी दाखवतो, वैरण टाकतो. बहुतेक पाहुणे तोवर जेवणाकडे वळलेले असतात. तुम्ही पाच मिनिटं थांबा. मुलांना दाखवा की आपल्याला फिरवून आणणारे आता त्यांचं जेवण जेवताहेत. मग खुशाल पानावर बसा. भाकरी तोवर टम्म फुगलेली असेल.