तवंग आधी पोहोचणार की गणित?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या मालवाहू जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडल्याचा अंदाज त्या वेळी व्यक्त झाला. हे तेल रायगड जिल्ह्यातील उरण, अलिबागच्या किनाऱ्यांपर्यंत पोहोचले. खारफुटीच्या श्वसनमुळांवर तेलाचा थर बसला की झाडे गुदमरतात आणि चिखलात मुरलेले तेल वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. म्हणूनच तवंग कोणत्या खाडीकडे वळणार, हे आधी कळणे मोलाचे ठरते.

हा अंदाज संगणकीय प्रारूपे वर्तवतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था त्यासाठी अमेरिकेतील 'नोआ'ने विकसित केलेले 'नोम' हे प्रारूप वापरते. तत्त्व सोपे आहे. तेल प्रवाहाबरोबर वाहते, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के गतीने ढकलले जाते. ताशी ३६ किलोमीटरचा वारा तवंगाला तासाभरात सुमारे एक किलोमीटर सरकवतो.

अडचण येते ती प्रवाहांच्या गणितात. त्यासाठी समुद्राची चौकोनांत विभागणी करतात. चौकोनाची बाजू निम्मी केली, तर चौकोन चौपट होतात आणि हिशेबातील काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे काम आठपट वाढते. एक किलोमीटरच्या चौकोनांवर दहा मिनिटांत सुटणारे गणित पाव किलोमीटरच्या चौकोनांवर साडेदहा तासांहून अधिक वेळ घेईल. भरती-ओहोटी तर साधारण सहा तासांनी पालटते. उत्तर हाती येईपर्यंत तेल धरमतर खाडीत शिरलेलेही असेल. उलट, चौकोन फार मोठे ठेवले, तर खाडीचे मुखच नकाशातून नाहीसे होते.

यावर मधला मार्ग आहे. खुल्या समुद्रात मोठे आणि खाडीच्या मुखाशी लहान चौकोन पाडायचे; विमानातून तवंग दिसला की गणित त्यानुसार सुधारायचे. 'नोम' उत्तरही दुहेरी देते. सर्वाधिक संभाव्य जागा काळ्या ठिपक्यांनी दिसतात. वारा वा प्रवाहाचा अंदाज चुकल्यास तेल जेथे जाऊ शकेल, त्या जागा लाल ठिपक्यांनी. एखाद्या खाडीत काळा ठिपका नसला, तरी लाल ठिपका दिसल्यास तिचे रक्षण करता येते.

खारफुटी किती मेली, मासळीच्या पिलांचे काय झाले, या प्रश्नांना महिने देता येतात. तेथे संथ पण सूक्ष्म प्रारूपच योग्य. तेल अडवणारे तरंगते बूम कोठे टाकायचे, याचे उत्तर मात्र पुढच्या भरतीपूर्वीच हवे. ते थोडे ढोबळ असले तरी चालेल.