काळूचे बिस्किट

संगमेश्वरच्या बाजारात माझा दवाखाना आहे आणि दवाखान्याच्या पायरीवर काळू असतो. काळू म्हणजे साधा गावठी कुत्रा. लहान असताना एका रात्री बिबट्याने त्याला मानेला धरले होते, तेव्हापासून त्याचा एक कान अर्धा आहे. आमच्या तालुक्यात बिबट्याच्या तावडीतून सुटलेला कुत्रा म्हणजे नवलच, त्यामुळे पेशंट मंडळींत त्याला मोठा मान. नंबर येईपर्यंत बसलेला माणूस समोरच्या टपरीवर चहा घेतो आणि पुड्यातली दोन बिस्किटे काळूला टाकतो. हे वर्षानुवर्षे चालले होते. मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते.

गटारीच्या अमावास्येला घरी मटण झाले. पाहुणे कमी आले, रस्सा उरला. भरपूर कांदा भाजून केलेल्या वाटपाचा तो दाट रस्सा भातात कालवून काळूला सलग तीन दिवस घातला. अन्न वाया जाऊ नये ही आपली शिकवण! चौथ्या दिवशी काळू पायरीवरून उठेना. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून मला वाटले गारठला असेल. पाचव्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी दिसली आणि हिरड्या पांढुरक्या पडल्या. मग मात्र त्याला गाडीत घालून पशुवैद्यांकडे नेले.

पावसाळ्यात अशी लक्षणे गोचीडतापातही दिसतात. त्यामुळे त्यांनी आधी तीच शंका घेतली. रक्त तपासायला घेतले आणि मला विचारले, "डॉक्टर, याने गेल्या आठवड्यात काय काय खाल्ले?"

वाचकहो, हाच प्रश्न मी रोज पन्नास माणसांना विचारतो. त्या दिवशी मात्र उत्तर देताना माझी जीभ अडखळली. बिस्किटे किती, कोणाच्या हातची, टपरीवरची कांदाभजी किती, कशाचाच हिशेब नव्हता. रस्सा तेवढा आठवला. "मग कांदाच," ते म्हणाले, आणि रक्ताच्या काचपट्टीने तेच सांगितले.

कांद्यात गंधकाची संयुगे असतात. माणसाला ती बाधत नाहीत, पण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना ती इजा करतात. पेशी फुटतात, त्यांतील रंगद्रव्य लघवीवाटे बाहेर पडते आणि अंगातले रक्त कमी होते. वजनाच्या दर किलोमागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तरी त्रास होऊ शकतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरेसे. थोडा थोडा कांदा रोज गेला तरी परिणाम साठत जातो. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाटल्याने हा दोष जात नाही. लसूण त्याच कुळातला. मांजर तर या बाबतीत कुत्र्याहून नाजूक. लक्षणे त्याच दिवशी दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी दिसतात, म्हणून रश्श्याचा संशय कोणालाच येत नाही.

काळू वाचला. रक्त भरावे लागले नाही, पण पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले. त्या दिवसांत मी माणसांच्या आहाराची पुस्तके मिटून कुत्र्यांच्या आहाराची वाचली.

सगळ्यात आधी मी बिस्किटांचा हिशेब मांडला. दहा-बारा किलोच्या, हिंडत्याफिरत्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० ते ७०० उष्मांक लागतात. खाऊ म्हणून त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे साठ-सत्तर उष्मांक, यापेक्षा जास्त देऊ नये असे पशुवैद्य सांगतात. साध्या ग्लुकोज बिस्किटात वीस ते पंचवीस उष्मांक असतात. आठ पेशंटांनी दोन-दोन टाकली तर साडेतीनशेच्या आसपास झाले! निम्मे जेवण मैदा आणि साखरेतच उरकले. काळूची कंबर का दिसेनाशी झाली होती ते तेव्हा कळले. आम्ही त्याला वयाने जाड झालेला समजत होतो.

कुत्र्यासाठी वेगळे बिस्किट ही कल्पना तशी जुनी आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन गृहस्थ लंडनमध्ये होता. जहाजावरची टणक बिस्किटे गोदीतले कुत्रे आवडीने खातात हे त्याच्या नजरेस आले म्हणतात, आणि त्यातून त्याने धान्य, भाजी व मांस यांचे बिस्किट करून विकायला काढले. आज तशी पाकिटे आपल्याकडच्या औषधाच्या दुकानांतही दिसतात. वाईट असतात असे मी म्हणणार नाही. पण जे नाचणीच्या पिठात घरी होते, त्यासाठी एवढे पैसे मोजायचे हे माझ्या मनाला पटेना.

कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य कसे पचणार, असे काही जण विचारतात. माणसाच्या सोबतीत कुत्रा बदलला आहे. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले की पिष्ट पचवणाऱ्या रसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. शिजवलेले धान्य त्याला पचते. मात्र नुसत्या भातावर त्याचे भागत नाही, आणि नुसत्या मांसावरही नाही, कारण हाडाशिवायच्या मांसात चुना फार थोडा असतो. या बाबतीत आपली नाचणी उजवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात दहाही नसते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नाचणीचे वाण काढले आणि २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तरी आमच्या घरातला नाचणीचा डबा काळूमुळेच पुन्हा उघडला, हे कबूल केले पाहिजे.

पहिली खेप फसली. नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे वड्या तव्यावरच भुगा झाल्या. सौ.ने शांतपणे सांगितले, "भाकरीला उकड काढतात, ती काय हौसेने?" त्यानंतरची कृती सगळी तिची आहे. लाल भोपळा नुसत्या पाण्यात शिजवून, कुस्करून अर्धी वाटी घ्यायचा. त्यात अर्धी वाटी पाणी घालून उकळी आणायची, एक वाटी म्हणजे सुमारे १०० ग्रॅम नाचणीचे पीठ घालून झाकण ठेवायचे आणि गॅस बंद करायचा. कोमट झाले की एक फेटलेले अंडे व चमचाभर खोबरेल तेल घालून मळायचे. सैल वाटले तर थोडे पीठ आणखी. मीठ, साखर, गूळ, सोडा काही नाही. लहान सुपारीएवढ्या साठेक गोळ्या करून चपट्या दाबायच्या आणि जाड तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर, उलटसुलट करत पाऊण तास कडक करायच्या. ओव्हन असल्यास १५० अंशांवर तेवढाच वेळ. एका बिस्किटात सात-आठ उष्मांक पडतात. म्हणजे काळूला दिवसाला आठ चालतात, आणि तेवढे जेवण कमी करायचे.

आपल्याकडच्या दमट हवेत एक गोष्ट विसरू नका. श्रावणात ही बिस्किटे चौथ्या दिवशी मऊ पडतात आणि मग बुरशी धरतात. बुरशीचे विष कुत्र्यालाही बाधते. "कुत्र्यालाच द्यायचे आहे, चालेल" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. पावसात दोन-तीन दिवसांपुरतीच करावीत किंवा फ्रिजमध्ये ठेवावीत. उन्हाळ्यात हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतात.

भोपळ्याऐवजी उकडलेले रताळे चालते. मासळी स्वस्त असेल तेव्हा तारली किंवा बांगडा बिनमिठाच्या पाण्यात शिजवून, काटा न् काटा काढून पिठात मिसळावा; काळू यासाठी बिबट्याशीही भांडेल. खारवलेले सुके मासे मात्र नकोत, मीठ फार असते. कोंबडीची काळीज-कलेजी उकडून, बारीक तुकडे करून सुकवली की उत्तम खाऊ होतो, पण आठवड्यातून एकदोनदाच. तिच्यात अ जीवनसत्त्व इतके असते की रोज दिल्यास हाडांना अपाय होतो. आणि काहीच करायला वेळ नसेल तर गाजराचा किंवा काकडीचा तुकडा द्या. कुरकुर आवाज झाल्याशी त्याला मतलब.

आता जे देऊ नये ते. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, कधी कधी थोड्या प्रमाणातही. त्यांतील टार्टारिक आम्ल हे कारण असावे, असे २०२१ पासून पशुवैद्य मानू लागले आहेत. तेच आम्ल चिंचेत असते, म्हणून चिंचेची आमटीही नको. प्रसादाचा शिरा आणि लाडू यांतील मनुका लक्षात ठेवा, गणपतीत घरोघरी हेच कुत्र्यापुढे जाते. चॉकलेट नको. 'बिनसाखरेच्या' गोळ्यांत आणि च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्याने कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरात धोकादायक खाली येते. शिजलेल्या हाडांच्या धारदार कपच्या होतात. मे महिन्यात आंब्याची कोय गिळून आतडे अडल्याने कुत्रा दगावू शकतो. यांतले काही पोटात गेले तर लक्षणांची वाट पाहू नका, लगेच पशुवैद्यांना गाठा. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्या कुत्र्याला आणि लहान पिल्लाला वर सांगितलेला खाऊसुद्धा त्यांना विचारूनच द्यावा.

मी माणसांचा डॉक्टर, म्हणून एवढे सांगतोच. अनोळखी कुत्र्याला हातातून खाऊ भरवू नये, जमिनीवर ठेवून बाजूला व्हावे. मुलांना तर हे पुन्हा पुन्हा सांगावे. दात लागला, नुसता ओरखडा आला, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. हळद-चुना लावून बसू नये. काळूला दरवर्षी रेबीजची लस टोचली जाते, ती चुकत नाही.

परत आल्यावर मी दवाखान्यात पाटी लावली: 'काळूला बाहेरचे खायला घालू नये'. पंधरा दिवस कोणी तिच्याकडे पाहिलेही नाही. मग कंपाउंडरच्या टेबलावर आठ बिस्किटांची डबी ठेवली आणि ज्याला द्यायचे त्याने त्यातले द्यावे असे ठरवले. हे मात्र चालले. कसब्याची एक आजी रक्तदाबासाठी दर महिन्याला येते. पहिल्यांदा डबी पाहून ती म्हणाली, "आवो डाक्टर, पोरांना नाय न् कुत्र्याला नाचनीची बिस्किटं!" मग एक बिस्किट तिने स्वतःच तोंडात टाकले. म्हणाली, मीठ कमी आहे. तिच्या रक्तदाबाला तेच बरे, असे मी म्हटल्यावर तिने आणखी दोन उचलली. त्या दिवशी काळूच्या वाट्याला पाचच आली.