नकाशामागची संमती

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला नकाशा आहे आणि तो कुणालाही वापरता येतो, एवढं आता बहुतेकांना ठाऊक असतं. तो खुला राहावा म्हणून पडद्यामागे काय काय घडलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

संग्रामपूर तालुक्यात वरवट दोन आहेत: वरवट बकाल आणि वरवट खंडेराव. नकाशा भरायला बसलेला नवखा माणूस अशा वेळी हमखास गूगल मॅप उघडतो. जुनी मंडळी तिथेच त्याचा हात धरतात. एसटी स्टँडवर विचार, पाटी वाच, पण दुसऱ्याच्या नकाशातून उचलू नकोस. ही भीती उगाच नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी संस्थेचे नकाशे उतरवल्याच्या प्रकरणात तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनने २००१मध्ये दोन कोटी पौंड देऊन तडजोड केली. नक्कल पकडून दिली ती रस्त्यांच्या रुंदीसारख्या बारीक खुणांनी.

आपल्याकडची गोष्ट याच्या उलट. १७६७पासून देश मोजणारी सर्व्हे ऑफ इंडिया घरातच, पण तिचे नकाशे खुल्या परवान्यावर मिळत नव्हते. मग २००७मध्ये या लोकनकाशावर भारतातल्या मुख्य रस्त्यांचं जाळं उमटलं, ते आलं कुठून? एएनडी नावाच्या डच कंपनीने नेदरलँड्सच्या रस्त्यांबरोबर भारत आणि चीनचे मुख्य रस्तेही देऊन टाकले होते.

खरं नाट्य घडलं ते २०१२मध्ये. तोवर नकाशा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर होता. तो परवाना मुळात लेख, चित्रं, गाणी यांच्यासाठी. विहीर कुठे आहे ही तर नुसती वस्तुस्थिती. तिच्यावर स्वामित्व कसलं? म्हणून डेटाबेससाठीच लिहिलेला ओडीबीएल परवाना घ्यायचं ठरलं. पण माहिती हजारोंची, तेव्हा प्रत्येकाला विचारणं भाग होतं. नव्या अटी मान्य आहेत का? काहींनी तत्त्वाचा प्रश्न करून नकार दिला, काहींनी वेगळी चूल मांडली, आणि कितीतरी जणांनी उत्तरच दिलं नाही. मौनाचा अर्थ नकार असाच धरला गेला. जुलै २०१२मध्ये एक स्वयंचलित प्रोग्राम नकाशावर फिरला आणि संमती नसलेल्या रेघा पुसत गेला. ऑस्ट्रेलिया आणि पोलंडला मोठा फटका बसला. त्याआधी कित्येक महिने स्वयंसेवक धडपडत होते: रस्ता तोच, वळण तेच, तरी पहिल्या माणसाचा होकार नाही म्हणून आधीची रेघ टाकून नव्याने काढायची. मला या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. स्वतःच्या हाताने नकाशाला भोकं पाडली, पण न विचारता कुणाचं काही ठेवलं नाही.

पुढच्याच वर्षी गूगलने भारतात ‘मॅपेथॉन’ स्पर्धा घेतली. लोकांनी उत्साहाने आपापल्या भागातली ठिकाणं भरली. सर्व्हे ऑफ इंडियाने पोलिसांत तक्रार केली, प्रकरण सीबीआयच्या प्राथमिक चौकशीपर्यंत गेलं. चर्चा रंगली ती संवेदनशील ठिकाणांची. लोकांनी फुकट दिलेली माहिती शेवटी कुणाची, हा प्रश्न मागेच राहिला. ती भरायचं गूगलचं ‘मॅप मेकर’ हे साधन २०१७मध्ये बंद झालं आणि माहिती कंपनीच्या नकाशात राहिली.

ओपनस्ट्रीटमॅपच्या अटींमध्ये याच्यावरचा उपाय लिहून ठेवला आहे. परवाना पुन्हा बदलायचा तर नवा परवानाही खुलाच हवा, आणि सक्रिय योगदात्यांपैकी दोन तृतीयांशांचा होकार लागतो. सक्रिय कोण? गेल्या बारा महिन्यांतल्या कुठल्याही तीन महिन्यांत नकाशावर काम केलेला आणि विचारल्यावर तीन आठवड्यांत उत्तर देणारा. म्हणजे वरवट बकालच्या पांदण रस्त्यांवर तीन महिने थोडं थोडं काम करणाऱ्या मुलीचं मत लंडनमधल्या जुन्या जाणत्याच्या मताइतकंच मोजलं जाईल.