राष्ट्रहिताचा अर्ज आणि जन्मदेशाची रांग



गेल्या महिन्यांत पवनी तालुक्यांतील एक गृहस्थ पेढे घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. हल्लीं तो अमेरिकेंत पाण्याच्या शुद्धीकरणावर संशोधन करतो. “गुरुजी, पोराचा अर्ज मंजूर झाला. आतां तो तिकडचा कायमचा रहिवासी,” असें ते म्हणाले. शिवाय गांवची दोन एकर धानाची बांधी विकण्याचा विचार असून, गिऱ्हाईक विसार देण्यास तयार असल्याचेंही त्यांनीं सांगितलें. सोबतचा इंग्रजी कागद मी वाचला. अर्ज मंजूर झाला होता हें खरें. परंतु रहिवासाचा हक्क, ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात तो, मिळालेला नव्हता.

नोकरीच्या आधारें तेथें कायम राहावयाचें तर सामान्यतः मालकानें अर्ज करावा लागतो, आणि त्या कामास लायक असा स्थानिक मनुष्य मिळत नाहीं असें मजूर खात्यास पटवावें लागतें. १९९० च्या कायद्यान्वयें दुसऱ्या वर्गांतील उमेदवारास ही अट राष्ट्रहितार्थ माफ होऊं शकते. अट सुटली कीं मालकही लागत नाहीं. उमेदवार स्वतःच आपला अर्जदार होतो. मात्र या वर्गांत बसण्यास पदव्युत्तर पदवी, किंवा साधी पदवी व त्यानंतरचा त्याच क्षेत्रांतील चढत्या जबाबदारीचा पांच वर्षांचा अनुभव, अथवा असामान्य क्षमता असावी लागते.

राष्ट्रहित म्हणजे काय, हें कायद्यानें सांगितलेलें नाहीं. तें निवाड्यांतून ठरत आलें. १९९८ सालीं न्यूयॉर्क राज्याच्या वाहतूक खात्यानें पुलांच्या एका इंजिनियरासाठीं केलेला अर्ज फेटाळला गेला. पुलांचें काम मोलाचें व देशव्यापी उपयोगाचें आहे हें मान्य झालें, तरी अट सोडण्याइतकें कारण दिसलें नाहीं. ही कसोटी फार कडक ठरली. डिसेंबर २०१६ मधील धनसार निवाड्यानें ती बदलून तीन प्रश्न ठरविले. योजिलेलें कार्य खरोखर मोलाचें व राष्ट्रीय महत्त्वाचें आहे काय? तें पुढें नेण्यास हा मनुष्य समर्थ आहे काय? आणि एकंदरींत पाहतां अट सोडण्यांत देशाचा लाभ आहे काय?

येथें पुष्कळ लोक चुकतात. ते प्रशस्तिपत्रें जमवितात. पण पहिला प्रश्न मनुष्याविषयीं नसून कार्याविषयीं आहे. आपल्या जिल्ह्यांतील एक मालगुजारी तलाव दुरुस्त करणें हें चांगलेंच काम. परंतु सर्व तलावांतील गाळास लागू पडेल अशी रीत शोधून काढणें निराळें. धनसार यांचें विमानविद्येंतील संशोधन राष्ट्रीय महत्त्वाचें ठरलें, पण त्यांचें अध्यापन तसें ठरलें नाहीं. आयुष्यभर खडू हातांत धरलेल्या माणसाला हें वाचून थोडें लागलें, पण तर्क मात्र समजला.

आतां रांगेची गोष्ट. नोकरीच्या वर्गांतून वर्षाला सुमारें १,४०,००० जागा असतात, आणि त्यांतच पत्नी व मुलें मोजलीं जातात. साधारणपणें कोणत्याही एका देशास सात टक्क्यांहून अधिक जागा मिळत नाहींत. (१९४६ च्या कायद्यानें साऱ्या हिंदुस्थानास वर्षाला अवघ्या १०० दिल्या होत्या!) हा देश नागरिकत्वावरून नव्हे, तर जन्मस्थानावरून ठरतो. पवनींत जन्मलेला मुलगा उद्यां कॅनडाचा नागरिक झाला, तरी तो भारताच्याच रांगेंत राहतो. पत्नीचा जन्म अन्य देशांतील असल्यास तिच्या देशाच्या रांगेंत उभें राहतां येतें. मालकाची अट सुटली तरी रांग सुटत नाहीं, आणि भारताची ही रांग अनेक वर्षांची आहे.

दरम्यान केवळ मंजुरीवर तेथें राहण्याचा वा नोकरीचा हक्क मिळत नाहीं. त्यासाठीं निराळा परवाना टिकवावा लागतो. मुलें एकवीस वर्षांचीं झालीं कीं बापाच्या अर्जांतून गळूं शकतात. अर्ज विचाराधीन असलेला काळ वयांतून वजा करण्याची सवलत २००२ च्या कायद्यानें दिली आहे, पण लांब रांगेपुढें ती तोकडी पडते.

हें सारें ऐकून गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनीं मुलाचा अर्ज दाखल झाल्याची तारीख माझ्याकडून देवनागरींत लिहून घेतली. अमेरिकेचें परराष्ट्र खातें दरमहा एक पत्रक काढतें. त्यांतील भारताच्या रकान्यांतली तारीख या तारखेपलीकडे सरकली, म्हणजे मुलाची पाळी आली. विसार घेऊं नका असें मी त्यांस सांगितलें. यंदाचें धान ते स्वतःच लावणार आहेत.