पोर्तुगीज शिका, पण मराठीतून

२०२५ साली सोमवारी, ५ मे रोजी बारावीचा निकाल लागला. त्याच दिवशी जागतिक पोर्तुगीज भाषा दिनही होता. युनेस्कोनं २०१९ साली ही तारीख ठरवली. निकालाच्या धामधुमीत त्याकडे कुणाचं लक्ष जाणं शक्यच नव्हतं. पण निकालानंतर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या घरांमध्ये प्रवेशाची बोलणी सुरू होतात आणि ‘पदवीबरोबर एखादी परकी भाषाही करून टाक’ असा सल्ला कुणी ना कुणी देतंच. फ्रेंच, जर्मन, जपानी ही नावं आधी येतात. पोर्तुगीजचं नाव निघालं की गप्पा गोव्याच्या आजोबांचा जन्मदाखला आणि पोर्तुगीज पासपोर्ट यांच्याकडे वळतात. पासपोर्टवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते भाषेबद्दल, त्यातही तिच्या मधल्या टप्प्याबद्दल. आपली मुलं अडतात ती तिथंच, आणि अडण्याचं काही कारण नसताना अडतात.

काही वर्षांपूर्वी पश्चिम उपनगरातल्या एका महाविद्यालयात मी संध्याकाळच्या पोर्तुगीज वर्गाला जात होतो. पहिल्या सत्रात उशिरा येणाऱ्याला बाक मिळत नसे. ओळख करून देणं, आकडे, वार, हॉटेलात जेवण मागवणं हे सगळं हसतखेळत पार पडलं. तिसऱ्या सत्रात, म्हणजे बी-वन या मधल्या पातळीला, आम्ही सगळे एका रांगेत मावत होतो. गळती लागली ती दोन भूतकाळांमुळे आणि ‘कोंझुंतिवु’ नावाच्या क्रियारूपांमुळे.

‘राहायचे की राहिले?’

एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. बाईंनी फळ्यावर इंग्रजीत वाक्य लिहिलं, ‘आय लिव्ह्ड इन अंधेरी’. त्याचं पोर्तुगीज करायचं होतं. ‘मुराव्हा’ घ्यायचं की ‘मुरै’? बाई जीव तोडून समजावत होत्या. अपूर्ण काळ, पूर्ण काळ, सवय, संपलेली घटना अशी पारिभाषिक नावं एकामागून एक फळ्यावर येत होती. सगळा वर्ग गप्प. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी स्वतःशीच पुटपुटली, ‘म्हणजे राहायचे की राहिले?’

तिथं गाठ सुटली. ‘लहानपणी मी अंधेरीत राहायचे’ म्हणजे ‘मुराव्हा’. ‘मी अंधेरीत दहा वर्षं राहिले’ म्हणजे ‘मुरै’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘लिव्ह्ड’ चालतं, म्हणून इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हा फरक नियम पाठ करून शिकावा लागतो. मराठी माणूस तो फरक शाळेत जाण्याआधीपासून बोलतो. ‘आजी गोष्ट सांगायची’ आणि ‘आजीनं गोष्ट सांगितली’ यांत गल्लत करणारं चार वर्षांचं मराठी मूल मला अजून भेटलेलं नाही.

त्या दिवसापासून मी वहीत तिसरा रकाना आखला. पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी. सत्र संपेपर्यंत इंग्रजीचा रकाना जवळपास रिकामा राहिला.

कोंझुंतिवुचंच बघा. ज्या गोष्टी घडलेल्या नाहीत, ज्या व्हाव्यात अशी इच्छा, शंका किंवा आज्ञा आहे, त्यांच्यासाठी पोर्तुगीजमध्ये क्रियापदाची वेगळी रूपं असतात. ‘केरु क व्हेन्यश’ म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटतं’. यावंस, जावंस, करावंस हा आपला विध्यर्थ शाळेच्या व्याकरणात भेटतो आणि रोजच्या बोलण्यात तर पदोपदी असतो. इंग्रजीत त्याची जागा ‘टू कम’ घेतं आणि रूपातला सगळा रंग जातो.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. पोर्तुगीजमध्ये भविष्यकाळाचाही एक कोंझुंतिवु आहे. शेजारच्या स्पॅनिशमध्ये तो जवळजवळ नामशेष झाला, पोर्तुगीजमध्ये मात्र रस्त्यावरच्या बोलण्यातही जिवंत आहे. तो बनतो भूतकाळाच्या रूपावरून. ‘विएरांव’ म्हणजे ‘ते आले’. त्याच अंगावरून ‘क्वांदु विएरश’ तयार होतं, म्हणजे ‘तू आलास की’. आता मराठी वाक्य पुन्हा वाचा. येणं अजून व्हायचं आहे, तरी आपण ‘आलास’ असं भूतकाळी रूप वापरतो. ‘पाऊस पडला तर’, ‘वेळ मिळाला तर’, ‘घरी पोचलास की फोन कर’ ही सगळी वाक्यं तशीच आहेत. पुढच्या गोष्टीसाठी मागचं रूप वापरायचं, ही कल्पना इंग्रजीतून शिकणाऱ्याला विचित्र वाटते. आपल्या ती अंगवळणी पडलेली आहे.

अनेकवचनांचंही तसंच. ‘पांव’चं ‘पांइश’, ‘लैलांव’चं ‘लैलोंइश’, पण ‘मांव’ म्हणजे हाताचं ‘मांउश’. शेवट एकच आणि अनेकवचनं तीन, हा कुठला न्याय, असं विद्यार्थी विचारतात. लॅटिनमध्ये हे शेवट वेगवेगळे होते, हे त्यामागचं कारण. पण मराठी विद्यार्थ्याला त्याआधी एवढंच सांगावं की भिंतीचं अनेकवचन भिंती होतं आणि विटेचं विटा. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. आपण नियम शिकलो नाही, कानानं शिकलो. इथंही कान तयार करायचा आहे.

मराठी सगळीकडे मदतीला येते असं मात्र नाही. ‘मी आंबा खाल्ला’ या वाक्यात आपलं क्रियापद आंब्याच्या मागे जातं, पोर्तुगीजमध्ये ते खाणाऱ्याच्याच मागे राहतं. आपले प्रत्यय नामाच्या नंतर येतात, त्यांचे शब्द नामाच्या आधी. नामाआधीची ‘उ’ आणि ‘आ’ ही उपपदं आपल्याकडे नाहीतच. लिंगाचा फसवा खेळ तर बटाट्यातच आहे. पोर्तुगीजमध्ये शेवटी ‘आ’ आला की शब्द बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून ‘बताता’ स्त्रीलिंगी. मराठीत आकारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी, म्हणून आपला बटाटा पुल्लिंगी झाला. हे अडथळेसुद्धा मराठीशी ताडून दाखवले तरच नीट कळतात.

आसगावचा पंडित

हा विचार पहिल्यांदा माझ्याच डोक्यात आला असा माझा दावा नाही. या दोन भाषा शेजारी ठेवून बघणारा मोठा माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु, जन्म १८५५, गाव गोव्याच्या बार्देशातलं आसगाव. पेशानं धर्मगुरू, पिंड भाषापंडिताचा. त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश १८९३ साली छापला गेला तो आपल्या मुंबईत. पुढे ते लिस्बनला संस्कृत शिकवू लागले. अखेरच्या वर्षांत दोन्ही पाय कापावे लागले, तरी काम थांबलं नाही. १९१३ साली त्यांनी आशियाई भाषांमध्ये गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. पन्नासच्या आसपास भाषा त्यांनी धुंडाळल्या. १९३६ साली बडोद्याहून त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. १९२२ साली लिस्बनला त्यांचं निधन झालं.

दालगादुंच्या मार्गानं गेलं की मराठीचं घर वेगळंच दिसू लागतं. पाव, चावी, साबण, काजू, अननस, बादली, घमेलं, पिंप, परात, फीत, नाताळ ही यादी बहुतेकांना ठाऊक असते. मला जास्त मोलाचे वाटतात ते कचेरीतले शब्द. मालमत्तेचा होतो तो लिलाव म्हणजे ‘लैलांव’. दोघांचा तंटा सोडवणारा लवाद म्हणजे ‘लोव्हादु’. महिनाअखेरीस हातात पडणारा पगारही तिकडचाच. व्यापार, न्याय आणि मजुरी या तिन्ही ठिकाणी ही भाषा आपल्या व्यवहारात मुरली. इतकंच नव्हे, इंग्रजांना ‘इंग्रज’ आणि हॉलंडच्या लोकांना ‘वलंदेज’ म्हणायला आपण शिकलो तेही पोर्तुगीजांच्या तोंडून. त्या दोन्ही शब्दांच्या शेवटी पोर्तुगीजचाच प्रत्यय आहे.

‘चावी’वर क्षणभर थांबावं असं आहे. आजचा पोर्तुगीज माणूस ‘शाव्ह’ म्हणतो. सोळाव्या शतकात तिथंही सुरुवातीला ‘च’ होता. पुढे त्यांचा उच्चार बदलला, आपला टिकला. लिस्बनमध्ये गेलेला ध्वनी बोरिवलीच्या फ्लॅटच्या दारात रोज ऐकू येतो. वर्गात ही एक गोष्ट सांगितली तरी मुलं ताठ बसतील. आपण परक्याच्या दारात उमेदवारी करत नाही, आपलाच जुना हिशेब वाचतो आहोत, हा विश्वास त्यांना त्यातून मिळेल.

उपनगरांचा जुना शेजार

मुंबई पोर्तुगीजांनी आंदणात दिली, हे सगळ्यांना माहीत असतं. ती बेटं होती, आजचं दक्षिण टोक. १६६१ च्या विवाह-कराराने ती इंग्रजांकडे गेली. आपली उपनगरं ज्या साष्टी बेटावर उभी आहेत ते त्यात नव्हतं. वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली १५३४ साली. साष्टी मराठ्यांनी जिंकली १७३७ साली आणि वसई चिमाजी अप्पांनी १७३९ साली. म्हणजे अंधेरी आणि मुलुंडच्या मातीवर दोनशे वर्षं ही राजवट होती. ती गोड होती असं मी म्हणणार नाही. बोरिवलीच्या मंडपेश्वरात शिवाच्या लेण्याचं चर्च कसं झालं, हे तिथं गेलेल्या प्रत्येकाला दिसतं. पण त्या काळाचा कागद ज्या भाषेत आहे ती भाषा न शिकता त्या काळाशी भांडताही येत नाही.

अंधेरीच्या सीप्झमध्ये, निर्यात-कारखान्यांच्या कुंपणाआड, १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चच्या भिंती उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात साथ आली, वस्ती मरोळला हलली आणि चर्च ओस पडलं. तरी मरोळची ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळी तिथल्या प्रार्थनेसाठी जातात. त्यांची घरातली बोली मराठी, त्यात पोर्तुगीज शब्द सांडलेले.

याच्या उलटं चित्र रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात आहे. तिथं जेमतेम हजारभर माणसं पोर्तुगीजपासून जन्मलेली बोली आजही बोलतात. तिला ती ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असं म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. १७४० साली हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि या बोलीचा लिस्बनशी संबंध तुटला. मग तिनं शेजाऱ्याचं वळण घेतलं. शब्द पोर्तुगीज राहिले, क्रियापद मात्र मराठीसारखं वाक्याच्या शेवटी सरकलं. पोर्तुगीज आणि मराठी एकाच तोंडात कशा नांदतात, याचं उत्तर कोर्लईच्या लोकांनी पावणेतीनशे वर्षांपूर्वीच शोधलं. आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

उपयोग काय?

पालक हा प्रश्न विचारणारच आणि तो रास्त आहे. जगात २६ कोटींहून अधिक लोक ही भाषा बोलतात, त्यांतले बहुसंख्य ब्राझीलमध्ये. पोर्तुगालच्या परीक्षांमध्ये बी-वनला ‘डेप्ले’ म्हणतात. ब्राझीलच्या सरकारी ‘सेल्पे-ब्रास’ परीक्षेचं सर्वांत खालचं प्रमाणपत्रच मध्यम पातळीचं आहे, त्याखाली काहीच नाही. म्हणजे पहिली दोन सत्रं करून सोडून देणाऱ्याच्या हाती ब्राझीलच्या दृष्टीनं शून्य येतं. मोझांबिकशी भारतानं २०१६ साली तुरीच्या खरेदीचा करार केला. आपल्या वरणातली तूर ज्या देशातून येते, त्याची राजभाषा पोर्तुगीज आहे. ज्या मोसंबीच्या नावात तोच देश दडला आहे, तिची तर ओळख द्यायलाच नको.

माझ्या मनातला उपयोग मात्र वेगळा आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात ‘मोंसोंइश’ नावाची बाडं आहेत. पावसाळी वाऱ्यांवर जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांतून लिस्बन आणि गोव्याचा जो पत्रव्यवहार झाला, तो त्यांत आहे. शिवाजी महाराजांबद्दल, संभाजी महाराजांबद्दल, पेशव्यांबद्दल शत्रूच्या गोटात काय बोललं जात होतं ते त्यातून कळतं. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य या कागदांत घालवलं आणि १९६७ साली पुणे विद्यापीठानं त्यांचं ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ प्रसिद्ध केलं. त्यानंतर हे कागद मुळातून वाचणारी मराठी माणसं फार थोडी झाली. शिवचरित्रावर तावातावानं बोलणाऱ्या महाराष्ट्रात हे काम करायला माणसं मिळू नयेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पण तिथवर जाणारी वाट उपनगरातल्या तिसऱ्या सत्रातून जाते, आणि तिथंच ती तुटते.

ती जोडायला मोठा निधी लागत नाही. मराठी उदाहरणांची एक बारीकशी पुस्तिका, वर्गात मराठीला मोकळीक आणि वर्षातून एकदा कोर्लईची सहल, एवढ्यावर भागेल. ज्यांची घरची भाषा गुजराती किंवा हिंदी आहे, त्यांनाही ‘राहायचो’ आणि ‘राहिलो’ यांतला फरक त्यांच्या भाषेत सापडेलच. घाटकोपर-मुलुंडच्या वर्गांत तर गुजरातीचाही रकाना आखावा.

जूनमध्ये नवी सत्रं सुरू होतात. बी-वनच्या पहिल्या तासाला शिक्षकांनी फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहू नये. मुलांना एवढंच विचारावं, ‘लहानपणी तुम्ही कुठं राहायचात, आणि किती वर्षं राहिलात?’ उत्तर देता देता निम्मा धडा होऊन गेलेला असेल.